सायोनारा म्हणायची जागा

आमचे बाबा घरातून निघताना मुद्दाम 'जातो' म्हणत. सगळी आळी 'येतो हं' म्हणत चपला पायात सरकवायची आणि बाबा उंबऱ्यात उभे राहून, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, 'जातो!' शब्दानं कुणी मरत नाही आणि शब्दानं कुणी परतही येत नाही, हे त्यांनी एका पत्रकात छापूनसुद्धा काढलं होतं. आई आतून तितक्याच ठामपणे 'या' म्हणायची. कुणीच माघार घेत नसे.

मी त्या पत्रकांवरच वाढले. बाबा दिवसा वर्कशॉपात मेकॅनिक आणि संध्याकाळी कार्यकर्ते, त्यामुळे घरात खुर्च्यांपेक्षा गठ्ठे जास्त. पाहुणे गठ्ठ्यावर बसत. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर', 'निषेध' आणि 'बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. कागदाच्या तीन घड्या घालून मथळा बाहेर कसा ठेवायचा हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. शाळेत निबंधाला मार्क चांगले पडायचे, पण बाई खाली लिहायच्या : उद्गारचिन्हं कमी कर.

पुढे नर्सिंग केलं, पुण्यात जपानी शिकले, टोकियोला आले आणि इथली नर्सची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाले. निशी-कसाईत, म्हणजे टोकियोतल्या भारतीय वस्तीत, एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन लहान मुलांच्या आयसीयूत काही वर्षं काढली आणि मग 'ओएन' नर्स झाले. शाळेच्या मैदानावर आपल्या संघासाठी घसा फोडून ओरडतात, त्याला इथे ओएन म्हणतात. आणि लांबच्या एखाद्या रुग्णालयात माणसं कमी पडली की काही महिन्यांच्या करारावर तिथं जाऊन राहणारी नर्स, तीही ओएन. शब्द मला फार आवडला. पगारी घोषणाबाजी, असं मी बाबांना कळवलं.

दोन बॅगा, एक कुकर आणि मसाल्याचा डबा, एवढ्यात माझा संसार मावायचा. दर नव्या जागी पहिला आठवडा आंधळ्यासारखा जातो. काम तेच, पण चिकटपट्टी वेगळ्या कप्प्यात, मॉनिटरचा सूर वेगळा, श्वासाची नळी मुलाच्या गालावर चिकटवायची तऱ्हा वेगळी. 'आमच्याकडे असं करतो' हे वाक्य ऐकायचं आणि 'हाय' म्हणायचं. हे 'हाय' म्हणजे हो, पण सुरुवातीला मला ते मराठीतल्या हाय खाण्यासारखंच वाटायचं.

आज टोकियोतल्या ओजिमातल्या खोलीत बसून मागं बघते तेव्हा त्या सगळ्या जागांतली एकच जागा पुन्हा पुन्हा समोर येते. उत्तर जपानमधल्या तोहोकुतलं एक शहर, आणि तिथला एक हिवाळा. माझ्या खोलीच्या खिडकीखालून रॉकेलची गाडी बालगीत वाजवत जायची आणि बायका डबे घेऊन बर्फातून बाहेर यायच्या. नर्सेसच्या खोलीत मी निशी-कसाईहून मागवलेला चिवडा ठेवला की सगळ्या जणी तो चॉपस्टिक्सनं खायच्या, आधी शेंगदाणे वेचून. वॉर्डात मला कुणी नावानं हाक मारलीच नाही. मी 'ओएन-सान'. आणि आमच्या मुख्य नर्स म्हणजे 'शिचो-सान'. निवृत्तीला आलेल्या, उंचीनं माझ्या खांद्याइतक्या, छातीवर उलटं घड्याळ टाचलेल्या. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. नाही म्हणायचं असलं की त्या म्हणत, 'कठीण आहे हो.' तिथं विषय संपायचा.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी यायची होती. हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक, ते बंद करण्याचं ऑपरेशन. त्या रुग्णालयात पद्धत अशी की आयसीयूतली एक नर्स आदल्या दिवशी मुलाला भेटून यायची आणि दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दारापर्यंत बरोबर जायची. जाग येईल तेव्हा एक तरी चेहरा ओळखीचा असावा म्हणून. आडनाव बघून शिचो-साननी मला पाठवलं.

खोलीत शिरले तर आई माझ्या बिल्ल्याकडे बघत राहिली.

"सॉरी हं, पण तुम्ही मराठी?"

"हो. तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची."

"पुण्याच्या असून सॉरीनं सुरुवात?"

"इथलं पाणी लागलंय हो," ती म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या विद्यापीठात नवरा धातूंवर संशोधन करत होता. मुलगी इथंच जन्मलेली. मी तिला मराठीत विचारलं, तुझ्या सशाचं नाव काय? तिनं मांडीवरचा कापडी ससा उलटा धरला आणि जपानीत सांगितलं की तो अजून झोपलाय.

"मराठी सगळं कळतं हिला," आई म्हणाली. "बोलायचं मात्र जपानीत. मी ओरडले तरी जपानीतच उलट उत्तर."

वडील खिडकीशी उभे होते. त्यांची प्रयोगशाळा इंग्रजीत चालायची, त्यामुळे बरीच वर्षं राहूनही त्यांचं जपानी दुकानापुरतंच. लेक त्यांच्या चुका काढायची आणि त्यांना ते आवडायचं, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थिएटरच्या दारापाशी पोचलो. जपानी घरातून बाहेर पडणारा माणूस म्हणतो 'इत्ते किमास', आणि घरात राहणारा म्हणतो 'इत्तेराश्शाई'. पहिल्यांदा शिकले तेव्हा मी वर्गात मोठ्यानं हसले होते, कारण हे आपलंच होतं : 'जाऊन येते' आणि 'जाऊन ये'. परत आल्यावर 'तादाइमा', म्हणजे आले. घरचे म्हणतात 'ओकाएरी', आलीस का. माझ्या आईला ही भाषा एका दिवसात आली असती. बाबा नापास झाले असते.

थिएटरच्या दारातही इथं हेच बोलतात. ती मुलगी रोज बालवाडीत जाताना म्हणायची तसंच, झोपल्या झोपल्या खणखणीत म्हणाली, "इत्ते किमास!"

आम्ही सगळ्या नर्सेस म्हणालो, इत्तेराश्शाई. आई म्हणाली, "इत्तेराश्शाई, सोनू." आणि वडील हात वर करून, हलवत म्हणाले, "सायोनारा!"

जपान न पाहिलेल्या माणसालाही जपानीतला निरोपाचा हा एक शब्द माहीत असतो. इथं राहणाऱ्याला मात्र हळूहळू कळतं की रोजच्या जगण्यात तो फारसा कुणी उच्चारत नाही. मैत्रिणी म्हणत नाहीत, घरात तर नाहीच. त्यात कायमचं निघून जाणं आहे. थिएटरच्या दारात तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. माझ्या शेजारच्या नर्सनं नुसता श्वास आत घेतला.

मुलगीच पहिल्यांदा बोलली. तिनं एक बोट वर केलं, बालवाडीच्या बाईंसारखं. "बाबा, चिगाउ!" चुकलं. "इत्तेराश्शाई म्हणायचं!" आणि त्यांना काही म्हणायला वेळ मिळायच्या आत दार सरकून बंद झालं.

"काय चुकलं?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "शब्दच आहे तो."

मग बायकोनं त्यांना हळू आवाजात समजावून सांगितलं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या बाबांचं ते पत्रक मला पहिल्यांदाच अपुरं वाटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. भोक बंद झालं. पण फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त होता, म्हणून तिला काही दिवस व्हेंटिलेटरवर, गुंगीत ठेवायचं ठरलं. मग गुंगी हळूहळू उतरवायची, तिनं शांतपणे जागं व्हायचं, स्वतः श्वास घ्यायचा आणि नळी काढायची. शांतपणे, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. अशी मुलं घाबरून रडली की तो दाब एकदम चढतो आणि ऑक्सिजन कोसळतो.

पहिला प्रयत्न आम्ही एका सकाळी केला. तिनं डोळे उघडले, वर अनोळखी छत, तोंडात नळी, भोवती मास्क लावलेल्या बायका. सगळ्या जणी गोड जपानीत सांगत होत्या की काही नाही, काही नाही, तू छान करते आहेस. ती डोकं आपटायला लागली. मॉनिटरवरचे ऑक्सिजनचे आकडे घसरले. मी वाकून कानाशी म्हणाले, "सोनू, इकडे बघ, मी आहे ना." ती क्षणभर थांबली. बालवाडीत, दुकानात, भांडणात जपानीच बोलणारी ती मुलगी मराठी ऐकून थांबली आणि डोळ्यांनी शोधायला लागली. मग तिला दिसलं की बोलणारी आई नव्हे. त्यानंतरचं रडणं आवाजाविना होतं, नळीमुळे. डॉक्टरांनी पुन्हा गुंगीचं औषध चढवायला सांगितलं.

आई-वडील त्या वेळी जिन्याजवळच्या खोलीत बसलेले होते. नियम असा की आयसीयूत भेटायची वेळ दुपारची आणि संध्याकाळची. नळी काढायचं काम सकाळचं, डॉक्टरांच्या राउंडनंतर. त्या वेळी घरच्यांनी बाहेर बसायचं. 'आमच्याकडे असं करतो.'

मी त्यांना सांगायला गेले. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं, औषधाचं नावही विचारलं.

"मी असल्या गोष्टी मानत नाही हो," ते म्हणाले. "आयुष्यभर मोजमाप करत आलोय. माझ्या बोलण्याचा आणि तिच्या प्रेशरचा काही संबंध नाही, कळतं मला. पण सिस्टर, ती उठेल तेव्हा मला तिथं असायचंय. जाऊन येते म्हणून गेलीय ती. परत आल्यावर समोर कुणीतरी 'आलीस का' म्हणायला नको?"

"तुला ओकाएरी तरी म्हणता येतं का?" बायकोनं विचारलं.

"पाठ करतोय."

"ओकावारी म्हणशील. म्हणजे 'आणखी भात वाढा'."

दोघंही हसली, आणि मग ती त्यांची बाही धरून बसली.

मी शिचो-सानकडे गेले. म्हटलं, पुढच्या प्रयत्नाला आई-वडील पलंगाशी हवेत. त्या म्हणाल्या, कठीण आहे हो. मी म्हटलं, का कठीण आहे? हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा कुतूहलानं पाहिलं.

"घरचे घाबरतात. आमची माणसं त्यांना सांभाळत बसतील. शिवाय ओएन-सान, तुम्ही मार्चमध्ये जाल. पद्धत बदलली तर ती इथं राहणाऱ्यांना चालवावी लागेल."

बोलणं खोटं नव्हतं. पाहुण्यानं घरातली भांडी हलवू नयेत. पण मी खोलीवर गेले, कुकर लावला आणि शिट्या होईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मूल कुणाचं? रुग्णालयाचं, की आईबापाचं? मला एकच गोष्ट येत होती. मी कागद घेतला आणि आयुष्यातलं पहिलं जपानी पत्रक लिहायला बसले. मथळा होता 'मुलाला जाग येते तेव्हा तिथं कोण असतं?' खाली मागणी, अन्याय, हक्क, सगळे शब्द शब्दकोशातून हुडकून. त्या दिवशी काय घडलं, मराठी ऐकून ती कशी थांबली, तेही लिहिलं. शेवटच्या ओळीला तीन उद्गारचिन्हं. तीन घड्या घातल्या, मथळा बाहेर ठेवला आणि सकाळी नर्सेसच्या खोलीत चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

दुपारपर्यंत ते तिथून गायब झालं. संध्याकाळी शिचो-साननी मला बोलावलं. पत्रक त्यांच्यापुढे उलगडलेलं होतं, आणि त्यावर तांबडी शाई.

"तुमच्या देशात सगळेच असं लिहितात का?"

"नाही. आमच्या घरात."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. 'मागणी' खोडून 'विनंती' केलं होतं. 'अन्याय'च्या जागी 'सुधारणेला वाव'. क्रियापदं सगळी नम्र करून टाकली होती. उद्गारचिन्ह एकही उरलं नव्हतं.

"एकही मुद्दा मी काढलेला नाही," त्या म्हणाल्या. "फक्त आवाज कमी केलाय. आयसीयूत आपण तो कमीच ठेवतो."

"हे 'विनंती' चालणार नाही," मी म्हणाले. "आपल्या मुलाजवळ असायला कुणी विनंती का करायची?"

त्यांनी पेनाचं टोक एका शब्दावर ठेवलं. 'हक्क' तसाच होता, न खोडलेला. "हा मी ठेवलाय. एका कागदात असा एक शब्द चालतो. दोन झाले की डॉक्टर शेवटपर्यंत वाचत नाहीत."

मला तेव्हा राग आला होता. आज त्या वाक्यावर मी बाबांशी तासभर भांडू शकेन, आणि कुणाच्या बाजूनं भांडेन हे मला अजून नक्की सांगता येत नाही. पण स्वच्छ लिहून काढलेलं ते पत्रक शिचो-साननी स्वतः डॉक्टरांच्या बैठकीत वाचलं. वाचताना त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. 'वॉर्डाचं म्हणणं' असं म्हणाल्या. परवानगी एका वेळेपुरती मिळाली.

दुसऱ्या प्रयत्नाच्या सकाळी आम्ही आई-वडिलांना गाऊन घातले, हात धुवायला लावले. शिचो-सान स्वतः वडिलांच्या मागं स्टूल घेऊन उभ्या राहिल्या, चक्कर आली तर असावं म्हणून. आईनं मुलीचा तळवा हातात घेतला. औषध उतरायला लागलं.

पापण्या हलल्या. आकडे वर-खाली व्हायला लागले. तिनं डोळे उघडले, डोकं हलवायला सुरुवात केली आणि मॉनिटर ओरडला. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचा हात औषधाच्या पंपाकडे गेला होता.

"सोनू," आई म्हणाली, "अगं उठलीस? किती झोपायचं? ससा केव्हाचा उठून बसलाय." अगदी रोजच्या स्वरात, शाळेला उशीर होतोय तशी. मुलीची नजर फिरत आली आणि आईवर थांबली. मग बाबांवर. डोकं आपटणं थांबलं. आकडे घसरायचे थांबले, आणि मग एकेक करत चढायला लागले. डॉक्टरांनी हात मागं घेतला.

थोड्या वेळानं नळी काढली. ती खोकली, रडली, पण आईच्या हातात रडली आणि आकड्यांनी ते सहन केलं. आवाज अगदी बसलेला, कोरड्या पानासारखा. आम्ही सगळ्या वाकून ऐकत होतो.

"तादाइमा," ती म्हणाली.

वडिलांनी तोंड उघडलं. इतके दिवस पाठ केलेला शब्द त्यांना आठवेना. ओठ हलत राहिले. "आलीस?" ते शेवटी म्हणाले. "आलीस गं तू?"

मी वाट बघत होते की ती आता बोट वर करणार. तिनं नुसती मान डोलावली.

स्टूल शेवटी शिचो-सानच्याच उपयोगी पडलं. त्या त्यावर बसल्या आणि छातीवरचं घड्याळ उगाचच पुसत राहिल्या.

पुढच्या काही दिवसांत ती पेज खायला लागली, आणि वॉर्डातल्या साध्या खोलीत जायचा दिवस आला. चाकांच्या खुर्चीत बसून, ससा कुशीत घेऊन ती आयसीयूच्या दाराशी पोचली. आम्ही ओळीत उभ्या होतो. तिनं आमच्याकडे वळून, जोरात, सवयीनं म्हटलं, "इत्ते किमास!"

कुणीच उत्तर देईना. कारण इत्तेराश्शाई म्हणजे जाऊन ये, आणि आयसीयूतून निघालेल्या मुलाला परत ये असं कोण म्हणेल? शिचो-सानच्या ओठांवर 'इत्ते' आलं आणि तिथंच अडकलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना शब्द सापडत नाही असं बहुधा कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात वडिलांनी एक बोट वर केलं.

"चिगाउ," ते लेकीला म्हणाले. आणि मग सगळ्या वॉर्डाकडे, पलंगांकडे, मॉनिटरकडे बघून हात हलवत, मोठ्यानं, "इथे सायोनारा!"

आधी आई हसली. मग आम्ही सगळ्या, आयसीयूत हसायचं नसतं इतक्या आवाजात. मुलीनं सशाचा हात धरून हलवला आणि ती म्हणाली, "सायोनारा!" शिचो-सान कमरेतून वाकल्या आणि वर येत गंभीरपणे म्हणाल्या, "सायोनारा."

त्या रविवारी मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. पत्रकावरची तांबडी शाई ऐकून त्यांना वाईट वाटलं, 'हक्क' राहिला हे ऐकून बरं वाटलं.

"बघ," ते म्हणाले, "सायोनारा म्हणूनही पोरगी जागी झालीच की. शब्दानं काही होत नाही, हे सिद्ध झालं."

"सिद्ध झालंय ते उलटंच!" मागून आईचा आवाज.

"तुझी आई सभेत व्यत्यय आणतेय. चल, मला निघायला हवं, माणसं थांबलीत. जातो."

मी खिडकीशी उभी होते. खाली रॉकेलची गाडी गाणं वाजवत वळण घेत होती. आजवर मी त्यांना नेहमी 'जा' म्हणत आले होते. त्यांचीच मुलगी ना.

"या," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी वाद न घालता फोन ठेवला.